एका चुलीचे घर आणि म्हाताऱ्यांचे ताट

आपल्याकडे घर मोजायचे ते चुलीवरून. जनगणनेच्या व्याख्येतही कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगताना एक छप्पर आणि सामाईक मालमत्ता यांच्या जोडीला एका चुलीवर शिजलेले अन्न धरले आहे. भाऊ वेगळे झाले तर लोक ‘चूल वेगळी झाली’ असेच म्हणतात. शेताची मोजणी नंतर होते. या चुलीच्या इतिहासात घरातील वृद्धांच्या ताटाचे काय होत गेले, हे आपल्या मोहगाव-सौंसर-पांढुर्णा पट्ट्यापुरते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मोहगाव सातपुड्याच्या घाटाखालचे गाव. सर्पा नदी आणि अर्धनारीश्वराचे देऊळ ही त्याची ओळख. देवगडच्या गोंड राजांनंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये त्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. सरकारे बदलली, पण सैपाक नागपुरीच राहिला. काळ्या जमिनीत कापसाबरोबर ज्वारी आणि तूर पिके, म्हणून ताटात ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, चून आणि जवसाची चटणी.

हे जेवण दात नसलेल्या माणसाला कसे जमत असेल? तर त्याची सोय त्याच चुलीवर होती. भाकर वरणात किंवा दुधात कुस्करायची. ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाबरोबर द्यायच्या. अंबाडीच्या भाजीतच कण्या आणि तुरीची डाळ घातली की भाजी, धान्य आणि डाळ एका भांड्यात मऊ शिजत. उन्हाळ्यात आंबील, आजारपणात मुगाची खिचडी. म्हाताऱ्यांसाठी वेगळा सैपाक करावा लागत नसे. घरच्याच अन्नाला थोडे मऊ केले की भागे.

दुसरी गोष्ट कोठीची. वर्षाचे धान्य पेवात, कणगीत किंवा कोठीत भरलेले असे आणि किती काढायचे ते बहुधा घरातील थोरली बाई ठरवी. डाळ निवडणे, वड्या-सांडगे घालणे, लोणच्याची बरणी सांभाळणे ही कामे वयाबरोबर तिच्याकडेच राहत. हात चालत तोवर तिचा शब्द चाले, आणि शब्द चाले तोवर तिच्या वाटीत वरण पडे. आहाराच्या इतिहासात हा मुद्दा मोठा आहे. ज्याचा धान्यावर अधिकार, त्याला मागावे लागत नाही.

तरीही जुन्या घराचे गोडवे गाताना हात आखडता घ्यायला हवा. पहिली पंगत पुरुषांची, मग मुले, शेवटी बाया. तळाशी उरले ते त्यांचे. उच्चवर्णीय घरांतल्या विधवेला तर एकवेळचे जेवण, उपास आणि सोवळ्याची बंधने. ती घरभर राबे, पण चार पदार्थ तिला वर्ज्य. हिंदू कायद्यात तिचा हक्क ‘अन्नवस्त्रा’चा, म्हणजे पोटापुरता. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित हिस्सा मिळाला आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीची मालकी पूर्ण झाली. भरल्या घरात राहूनही एखादी म्हातारी अर्धपोटी असू शकते, हे आपल्या आज्या-पणज्यांना कायद्याच्या आधीच ठाऊक होते. मजुरी करणाऱ्या घरांत तर कोठीच नव्हती. रोजची ज्वारी रोज आणायची आणि काम सुटलेल्या म्हाताऱ्याने कमी खायचे.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांताला हे फार कठोरपणे दिसले. धडधाकट माणसे खडी फोडायला, रस्त्याच्या कामावर गेली. मागे राहिलेल्या वृद्ध आणि अपंग निराधारांसाठी दुष्काळ संहितेत काम न घेता द्यायच्या मदतीची तरतूद होती, अन्नछत्रेही निघाली. ज्यांच्यासाठी चूल पेटवणारे कोणी उरले नाही, अशा माणसांची वेगळी नोंद सरकारला तेव्हा ठेवावी लागली.

स्वातंत्र्यानंतर बदलाचा वेग वाढला. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि मोठ्या वाड्यांच्या कोठ्यांत येणारे धान्य आटले. शेतांच्या वाटण्या झाल्या. संत्र्याच्या बागांनी हातात पैसा आणला, पण बागेत ज्वारी पिकत नाही. धान्य दुकानातून येऊ लागले, ज्वारीची जागा गव्हाने आणि रेशनच्या तांदळाने घेतली. पूर्वी आजी कोठीतून काढी; आता तिला मुलाकडून मागावे लागे. मुले इतवारी-छिंदवाडा छोट्या गाडीने नागपूरला गेली, काही बोरगावच्या कारखान्यांत लागली, काही त्याहून दूर.

याच काळात ‘पाळी’ रूढ झाली. दोन भावांनी चुली मांडल्या की आईबाप महिना-महिना वाटून घ्यायचे. कुठे तर आई एकाकडे, बाप दुसऱ्याकडे. वाटणीपत्रात विहिरीच्या पाण्याचे तास लिहिलेले असतात, आंब्याचे झाड कोणाचे तेही असते. आईला संध्याकाळी दूध कोणी द्यायचे, ते नसते. दर महिन्याला चव बदलते, तिखट बदलते, जेवणाची वेळ बदलते. म्हातारी माणसे यावर एकच वाक्य बोलतात, ‘मला भूक नाही.’ ते वाक्य आपण फार पटकन खरे मानतो.

आज आणखी एक प्रकारचे घर वाढले आहे, ज्यात फक्त दोघे आहेत किंवा एकच. २०१७-१८ मध्ये झालेल्या वृद्धत्वविषयक राष्ट्रीय पाहणीत देशातील साधारण सहा टक्के ज्येष्ठ एकटे आणि वीस टक्के केवळ जोडीदारासोबत राहताना आढळले. बायको गेलेल्या ज्या पुरुषाने जन्मात कधी कुकर लावला नाही, त्याचे जेवण डब्यावर किंवा फरसाणावर येते. नवरा गेलेल्या बाईला सैपाक येतो, पण ‘एकटीसाठी काय शिजवायचे’ म्हणून ती चहात बिस्किट बुडवते. हिशेब पाहा. आपल्या पोषण संस्थेच्या मानकाप्रमाणे किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या बाईला सुमारे ३७ ग्रॅम प्रथिने लागतात. घट्ट वरणाच्या वाटीतून सहा-सात ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधातून साधारण तेवढीच. चहा-बिस्किटातून जेमतेम दीड-दोन. म्हातारपणी स्नायू आधीच झिजत असतात. त्यात हे घडले की माणूस पडतो, आणि पडला की उठणे अवघड होते.

सरकारने याची दखल घेतली आहे. २००० सालच्या अन्नपूर्णा योजनेत निराधार वृद्धांना महिन्याला दहा किलो धान्य मोफत ठरले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात निर्वाहाची व्याख्याच अन्नापासून सुरू होते, आणि मुलांनी टाळाटाळ केली तर आईबापांना न्यायाधिकरणाकडे जाता येते. पण धान्य पोत्यात मिळते, ते शिजवायचे कोणी हे कायदा सांगू शकत नाही. आणि आपल्याकडे किती आया मुलाविरुद्ध अर्ज करतील, हे वाचकांना सांगायला नको.

मोठा वाडा परत येणार नाही, आणि त्यातल्या शेवटच्या पंगतीसाठी तो यावा असेही कोणाला वाटू नये. मात्र त्या घरात ज्यामुळे म्हातारी माणसे नीट जेवत, त्या तीन गोष्टी लहान घरातही करता येतात. सर्वांच्याच भाजी-वरणाला त्यांच्यासाठी दोन शिट्ट्या जास्त द्याव्या. डाळ-दूध-फळांचे पैसे त्यांच्या हातात असावेत, म्हणजे मागणे राहणार नाही. आणि दिवसातून एक जेवण कोणाच्या तरी सोबतीने व्हावे. घरात कोणी नसेल तर शेजारच्या दोन एकट्या बायांनी एकच कुकर लावावा. गावाकडे आईबाप असणाऱ्यांनी फोनवर ‘जेवलीस का’ एवढ्यावर न थांबता ‘काय जेवलीस’ हेही विचारावे.

महाप्रसादाच्या दिवशी आपल्या मंडळात ज्येष्ठांची पंगत आधी बसते. त्या पंगतीत जे एकटे येऊन बसतात, त्यांची नावे कार्यकर्त्यांनी यंदा टिपून ठेवावीत. विसर्जनानंतरही त्यांना जेवायचेच आहे.