गव्हाची बर्बन, शेरीचं पिंप आणि तासगावचा बेदाणा: बाटलीवरच्या एका ओळीचा अर्थ काय?

साताऱ्या-सांगलीकडं आता घरटी कुणी ना कुणी परदेशात असतं. पोरगं सुट्टीला येतं, विमानतळावरच्या ड्युटी फ्रीमधून एखादी बाटली घेऊन येतं. नियमानं एका माणसाला २ लिटरपर्यंत आणता येते. बाटलीवर लिहिलेलं असतं, 'व्हीटेड बर्बन, फिनिश्ड इन शेरी कास्क्स'. मग सगळे मिळून बाटली उलटीपालटी करून बघतात आणि शेवटी ठरतं, "व्हिस्कीच आहे, ओत."

आहे व्हिस्कीच. पण त्या एका ओळीत तीन वेगवेगळ्या गोष्टी लपल्यात आणि तिन्ही चवी या दोन जिल्ह्यांतल्या माणसाला लहानपणापासून माहिती आहेत. फक्त त्यांची इंग्रजी नावं ऐकून आपण बुजतो.

आधी बर्बनचं बघू.

बर्बन म्हणजे अमेरिकन व्हिस्की, पण प्रत्येक अमेरिकन व्हिस्की बर्बन नसते. तिकडं त्याचा कायदा आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका पाहिजे. व्हिस्की मुरवायची ती ओकच्या कोऱ्या, आतून जाळून काळ्या केलेल्या पिंपातच. पिंपात भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांच्या वर नको आणि बाटलीत ४० च्या खाली नको. रंग किंवा वास वरून घालायला बंदी. म्हणजे ग्लासात जो तांबूस रंग दिसतो, तो सगळा लाकडाचा. १९६४ साली अमेरिकन संसदेनं ठराव करून बर्बन हे अमेरिकेचंच खास पेय असल्याचं जाहीर केलं.

मक्याच्या जोडीला साधारणपणे राय नावाचं धान्य आणि थोडी बार्ली असते. राय तिखट, मसालेदार. ती काढून तिथं गहू घातला की झाली 'व्हीटेड' बर्बन.

यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे मेकर्स मार्क. तिच्यात ७० टक्के मका, १६ टक्के गहू आणि १४ टक्के बार्ली असते. १९५३ मध्ये बिल सॅम्युअल्स यांनी केंटकी राज्यातल्या लोरेटो गावाजवळ जुनी डिस्टिलरी घेतली. कुठलं धान्य वापरायचं हे ठरवायला व्हिस्की मुरेपर्यंत वर्षानुवर्षं थांबणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी वेगवेगळ्या धान्यांचे पाव भाजून चव घेतली आणि गव्हाचा पाव सरस ठरला, अशी गोष्ट कंपनी सांगते. कंपनीनं सांगितलेली गोष्ट म्हटल्यावर थोडं मीठ-मसाल्याचं धरून चाला. पण पद्धत आपल्याला लगेच पटते. बाजरीची भाकरी खाल्ली की तिची चव तोंडात रेंगाळते, गव्हाची चपाती मात्र बाजूच्या कालवणाला पुढं जाऊ देते. गहू बर्बनमध्ये नेमकं हेच करतो. तो स्वतः बोलत नाही, मक्याचा गोडवा आणि लाकडाचा वास पुढं येऊ देतो.

आता ते जाळलेलं पिंप. लाकूड आतून जाळलं की त्यातल्या शर्करा करपून कॅरॅमल होतात, आणि लिग्निन नावाचा घटक फुटून व्हॅनिलाचा वास तयार होतो. साताऱ्याचा कंदी पेढा आठवा. साध्या पेढ्यात आणि त्याच्यात फरक कशाचा? खवा जास्त भाजलेला असतो. तांबूस रंग आणि किंचित करपट गोडी त्या भाजण्यातून येते. इंग्रजी टेस्टिंग नोटमध्ये ज्याला 'टॉफी' किंवा 'कॅरॅमल' म्हणतात, त्याला राजवाड्याच्या चौकात उभा राहिलेला माणूस कंदी पेढा म्हणेल आणि तो चुकणार नाही.

शेरी आणि बेदाणा

तिसरी गोष्ट शेरी. सांगलीकरांनी इथं नीट लक्ष द्यावं.

शेरी ही स्पेनच्या दक्षिणेकडच्या हेरेझ भागातली वाईन. द्राक्षाची वाईन करून तिच्यात वरून मद्यार्क घालतात आणि पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात. व्हिस्कीवाल्यांना तिच्यातले दोन प्रकार जास्त लागतात. एक ओलोरोसो. ही चवीला बहुतेक वेळा कोरडी, गोड नाही, पण हवा लागत मुरल्यामुळं अक्रोड, जुनं लाकूड, सुकामेवा असा वास धरते. दुसरी पेद्रो हिमेनेझ, हे त्या द्राक्षाच्या जातीचंच नाव. ही द्राक्षं तोडून चटयांवर उन्हात पसरतात, ती सुकून मनुका झाली की त्यांचा रस काढतात. काळी, काकवीसारखी दाट वाईन.

म्हणजे शेरीच्या या प्रकाराचं मूळ बेदाणाच.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत पट्ट्यातली बेदाण्याची शेडं ज्यांनी बघितलीत, त्यांना फरकही कळेल. आपल्याकडं द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यामुळं सालीवरचा मेणचट थर सुटतो आणि पाणी लवकर निघतं. मग शेडमधल्या जाळीच्या रॅकवर सावलीत १२-१५ दिवस वाळवण. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा पडतो. सगळी धडपड असते ती रंग हिरवा किंवा पिवळा राहावा म्हणून, कारण सौद्यात भाव रंगाला मिळतो. ऊन लागून किंवा पाऊस पडून काळपट झालेला बेदाणा शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावतो. शेरीच्या गावात मात्र द्राक्ष मुद्दाम उन्हात घालून काळं करतात, कारण त्यांना तीच चव पाहिजे असते.

तर शेरी भरून रिकामं केलेल्या अशा पिंपात तयार बर्बन पुन्हा काही महिने ते एखाद-दोन वर्षं ठेवली, की झालं 'फिनिश'. लाकडात मुरलेली शेरी थोडी व्हिस्कीत उतरते. पूर्वी शेरी पिंपांतूनच इंग्लंडला जायची आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडवाले उचलायचे. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायचं बंधन आलं आणि ही पिंपं आटली. आता बरीचशी 'शेरी कास्क' व्हिस्कीसाठीच तयार करतात. नव्या पिंपात वर्ष-दोन वर्षं शेरी भरून ठेवायची, मग पिंप विकायचं. लेबलवर हे कुणी सांगत नाही. बर्बनच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. दुसऱ्या पिंपात गेल्यावर तिला नुसतं 'बर्बन' म्हणता येत नाही, शेरी कास्कचा उल्लेख करावाच लागतो. म्हणून ती लांबलचक ओळ.

चव घ्यायची कशी?

प्यायची घाई नको. अशी बाटली बऱ्याचदा ४५-५० टक्क्यांची असते. ग्लासात १५ मिली पुरे. तोंडाशी निमुळता ग्लास असला तर बरं, नसला तर चहाचा काचेचा ग्लासही चालतो. नाक एकदम आत खुपसू नका, अल्कोहोल झणझणतो. तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. आधी कंदी पेढा, व्हॅनिला, थोडं ओलं खोबरं येतं. हा बर्बनचा भाग, खोबरं ओकच्या लाकडातलं. मग हळूहळू बेदाणा, खजूर, अक्रोड. ही शेरी.

घोट जिभेवर ५-१० सेकंद फिरवा. व्हीटेड असल्यामुळं सुरुवात मऊ लागते, तिखटपणा घशाशी येतो आणि तोही बेताचाच. नंतर पाण्याचे ३-४ थेंब टाकून पुन्हा वास घ्या, बऱ्याचदा दबलेली फळं वर येतात. बर्फ आणि कोला हे ज्याच्या त्याच्या आवडीचं, पण मग शेरीच्या पिंपाचे जास्तीचे पैसे वाया गेले समजा.

एक गैरसमज इथंच मिटवू. गोड लागते म्हणून हिच्यात साखर असते असं नाही. उकळून वाफ थंड करताना साखर मागंच राहते. गोडी आहे ती वासाची. म्हणून ती डायबेटिसवाल्याला चालते, असाही अर्थ कुणी काढू नये.

आणि ही जोडी नेहमी जमतेच असंही नाही. गहू मवाळ, मका गोड, त्यावर शेरी. पिंपात जास्त दिवस राहिली तर गोडावर गोड होतं आणि गव्हाचा मऊपणा सापडतच नाही. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी लागते, तसा इथं लाकडाचा तुरटपणा लागतो, सुपारी चावल्यावर तोंड ओढतं तसा. तो शेवटी आला तर बाटली जमली. नुसती काकवी राहिली तर फसली.

मग हे आपल्याकडं का होत नाही?

मका आहे, गहू आहे, द्राक्ष तर आहेच. पण या पट्ट्याचं मद्यार्काशी नातं उसाचं आहे. कारखान्यात साखर काढून उरते ती मळी, आणि कारखान्याला जोडून आसवनी. रेठरे बुद्रुकचा कृष्णा असो की सांगलीचा वसंतदादा, हे गणित जुनं आहे. देशात स्वस्त 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मालात हाच मळीचा मद्यार्क असतो, वर थोडी माल्ट किंवा स्कॉच. युरोपात त्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिकडच्या व्याख्येत धान्य आणि लाकडात ३ वर्षं, दोन्ही लागतं. आता मळीचा आणि उसाच्या रसाचा मोठा ओघ पेट्रोलमधल्या इथेनॉलकडं वळलाय, तो विषय वेगळा.

द्राक्षाच्या बाजूनं प्रयत्न झाला. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर दोन वाईन पार्क ठरले, नाशिकचं विंचूर आणि सांगलीचं पलूस. नाव नाशिकचं झालं. पलूसचं तेवढं झालं नाही.

शेरीच्या पिंपातली भारतीय व्हिस्की मात्र मिळते, पण ती बार्लीची सिंगल माल्ट. बंगळूरच्या अमृतनं २०१० मध्ये 'इंटरमीडिएट शेरी' आणली. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन आहे, हरियाणाची इंद्री आहे. आपल्या उन्हात पिंपातून वाफ होऊन उडणारा माल स्कॉटलंडच्या कितीतरी पट, त्यामुळं ३-४ वर्षांतच रंग गडद होतो. गंमत म्हणजे यांना लागणारी बरीच जुनी पिंपं केंटकीतूनच येतात. बर्बनवाल्यांना दर वेळी कोरं पिंप लागतं, मग जुनं विकायचं कुणाला?

किमतीचं बोलायचं तर फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रानं बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं. जून २०२५ मध्ये राज्यानं देशात बनणाऱ्या विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क उत्पादन मूल्याच्या ३ पटींवरून ४.५ पट केलं आणि धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा प्रकार आणला. त्याच्या १८० मिलीची किमान किंमत १४८ रुपये. मुरवलेल्या व्हिस्कीशी त्याचा संबंध जोडायला जाऊ नका.

राज्यात अशा मद्यासाठी वय २५ पूर्ण लागतं आणि प्यायला परवानाही, अगदी घरातसुद्धा. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे.

शिवाय साताऱ्यात या विषयाची दुसरी बाजू जोरदार आहे. सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला, तेव्हा पुढच्याच महिन्यात बंडातात्या कराडकरांसोबत वारकरी साताऱ्यात रस्त्यावर उतरले. त्याच्या कितीतरी आधी जावळी तालुक्यातल्या बायकांनी मतदान मागून घेतलं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. बायकांनी आडवीवर शिक्के मारले आणि दुकानं बंद झाली.