शिंगरे माणसाळविणे

मोकळ्या रानात माणसाच्या सहवासाविना वाढलेल्या शिंगराची भीती घालवून त्याला स्पर्श, मोहरकी व दोरीने चालणे या गोष्टी बळजबरीशिवाय स्वीकारावयास शिकविण्याच्या क्रियेस शिंगरू माणसाळविणे म्हणतात. इंग्लंडमधील एक्समूर, डार्टमूर व न्यू फॉरेस्ट येथील अर्धवन्य तट्टांच्या बाबतीत या क्रियेला विशेष महत्त्व आहे. ही तट्टे वर्षभर माळांवर व रानांत चरत असली, तरी ती खाजगी मालकीची असतात.

घोडा हा हिंस्र पशूंचे भक्ष्य असणारा कळपातील प्राणी असून पळून जाणे हे त्याच्या बचावाचे मुख्य साधन होय. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज व्होल्गा-डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतील असून इ. स. पू. २००० च्या सुमारास त्यांचा प्रसार सर्वत्र होऊ लागला. या घोड्यांत निवडले गेलेले एक जनुक स्वभावाच्या सौम्यतेशी निगडित असावे, असे मानतात. तथापि आनुवंशिकतेने केवळ माणसाळण्याची क्षमता येते. विश्वास मात्र प्रत्येक शिंगराच्या ठिकाणी नव्यानेच निर्माण करावा लागतो.

या विषयावरील प्राचीन विवेचन ग्रीक लेखक झेनोफन (इ. स. पू. चौथे शतक) याच्या अश्वविद्येवरील ग्रंथात आढळते. भूक, तहान व माश्यांचा त्रास यांपासूनची सुटका माणसाकडूनच होते, असा शिंगराचा अनुभव असावा. त्याला आवडेल तेथे हात फिरवावा आणि रागाच्या भरात त्याच्याशी वागू नये, असे तो सांगतो. हा उपदेश उपलब्ध असूनही जनावराला बांधून, पाडून वा थकवून नमविण्याची पद्धत पुढे दीर्घकाळ रूढ राहिली. अमेरिकन अश्वशिक्षक जॉन सॉलोमन रेरी (१८२७–६६) याने १८५८ मध्ये लंडन येथे ‘क्रूझर’ नावाचा उग्र घोडा वश करून मोठी कीर्ती मिळविली. आसुडापेक्षा ममता व धीर यांवर त्याचा भर होता. परंतु पुढचा पाय पट्ट्याने बांधून घोड्यास आडवा करणे हाही त्याच्या पद्धतीचा भाग होता. अशा उपायांनी प्रतिकार थांबतो; पण निश्चल उभे राहणे म्हणजे विश्वास नव्हे.

एक्समूर तट्टांची संघटना १९२१ मध्ये स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर या जातीची जेमतेम ५० जनावरे उरली होती. मेरी एदरिंग्टन आदींच्या प्रयत्नांनी ती वाचली. शरद ऋतूत माळावरील कळप हाकून आणतात, शिंगरांची तपासणी होते आणि त्यांपैकी बरीच आईपासून वेगळी केली जातात. चराईची मर्यादा असल्याने सर्वच शिंगरे माळावर ठेवता येत नाहीत आणि न माणसाळलेल्या शिंगराला गिऱ्हाईक मिळणे कठीण असते. त्यामुळे माणसाळणे हा पुष्कळदा त्याच्या जगण्या-मरण्याचाच प्रश्न ठरतो.

शिक्षणाचा प्रारंभ बहुधा लहान आवारात, शक्यतो दुसऱ्या शिंगराच्या सोबतीत करतात. शिक्षक समोरून न येता तिरक्या दिशेने सावकाश जवळ जातो. शिंगरू स्थिर राहिले किंवा त्याने तोंड वळविले, की तत्क्षणी तो मागे सरतो; ही माघार हेच शिंगराचे बक्षीस होय. ते पळत असताना मागे सरल्यास मात्र पळण्याचीच सवय दृढ होते. नंतर प्रथम लांब काठीने व मग हाताने मानेच्या बुडाशी खाजवितात. घोडे एकमेकांना याच ठिकाणी दातांनी खाजवितात. तेथे खाजविल्यास त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मोहरकी, दोरी व खूर उचलणे हे यापुढचे टप्पे होत.

शिंगरू आईच्या वर्तनावरूनही शिकते. व्यालेल्या घोडीला पहिले पाच दिवस शिंगरासमक्ष रोज थोडा वेळ हळुवार खरारा केल्यास तिचे शिंगरू पुढे माणसांना कमी भिते, असे २००५ मधील फ्रेंच संशोधनात दिसून आले. माळावर जन्मलेल्या शिंगरांना हा लाभ मिळत नाही. म्हणून कळपातून आणल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील वागणूक त्यांच्या बाबतीत निर्णायक ठरते.