ट्युना मेल्ट : दहा मिनिटांचे उघडे सँडविच

पावाच्या एकाच कापावर सारण पसरून वरचा काप न ठेवता जे सँडविच केले जाते, त्यास उघडे सँडविच म्हणतात. डेन्मार्कमध्ये राय धान्याच्या पावावर रचलेले 'स्मोरब्रॉड' हे त्याचे प्रसिद्ध रूप. ट्युना मासा आणि वितळलेले चीज यांचा 'ट्युना मेल्ट' मात्र अमेरिकेतील साध्या उपाहारगृहांचा पदार्थ. कॅलिफोर्नियात १९०३ च्या सुमारास सार्डिनची आवक घटली, तेव्हा तेथील कारखानदार डब्यात ट्युना भरू लागले. पुढे हा स्वस्त डबा घरोघरी पोहोचला. कोकण किनाऱ्यावर कुपा, गेदर या नावांनी मिळणारे मासे याच कुळातले आहेत.

दोघांसाठी साधारण १८५ ग्रॅमचा एक डबा पुरतो. मासा चाळणीत ओतून चमच्याने दाबावा व पाणी किंवा तेल पूर्ण निथळू द्यावे. बहुतेकांचे सँडविच येथेच बिघडते. ओल राहिली की पाव लगदा होतो. निथळलेल्या माशात दोन मोठे चमचे मेयोनेज, एक लहान कांदा बारीक चिरून, चमचाभर लिंबाचा रस व मिरपूड घालून काट्याने हलकेच कालवावे. मेयोनेज नको असल्यास घट्ट चक्का चालतो. मिठाची गरज सहसा नसते, कारण डब्यातला मासा आणि चीज दोन्ही खारटच असतात. हिरवी मिरची व कोथिंबीर घालणे अमेरिकी रिवाजात बसत नाही, पण चवीला उत्तम बसते.

पावाचे चार जाडसर काप आधी दोन्ही बाजूंनी भाजून घ्यावेत. सारण थेट कडेपर्यंत पसरावे, नाहीतर उघड्या कडा करपतात. वर किसलेले चेडर किंवा प्रक्रिया केलेले चीज घालावे. जुने, मुरलेले चेडर चवीला तेज असले तरी तापल्यावर तूप सोडते. प्रक्रिया केलेल्या चीजमधील क्षारांमुळे ते एकसंध वितळते. मोझरेला ताणले जाते खरे, पण माशापुढे फिके पडते. २२० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये पाच ते सात मिनिटे पुरेत. ओव्हन नसल्यास जाड तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून चीज वितळू द्यावे. मात्र ते तांबूस होणार नाही.

उरलेला मासा पत्र्याच्या डब्यात न ठेवता झाकणाच्या भांड्यात काढून लगेच फ्रीजमध्ये ठेवावा व दोन-तीन दिवसांत संपवावा. ट्युनामध्ये हिस्टिडीन हे अमिनो आम्ल विपुल असते. मासा उबेत राहिल्यास जिवाणू त्याचे हिस्टामाइन बनवतात आणि ते पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके दुखणे, खाज सुटणे असा त्रास होतो. वासावरून तो नेहमी ओळखता येतोच असे नाही.

गर्भवतींनी डब्यावरील माशाचे नाव वाचूनच खरेदी करावी. आकाराने मोठ्या असलेल्या अल्बाकोर जातीत पारा जास्त असतो. 'लाइट' म्हणून विकल्या जाणाऱ्या, बहुधा स्किपजॅकच्या डब्यात त्याचे प्रमाण अल्बाकोरच्या सुमारे एक तृतीयांश असते.