'माफीचा साक्षीदार' आणि बडोद्याचा कोश

परवा नातवानं विचारलं, "आजोबा, नाना पाटेकरचा सगळ्यात भीतीदायक सिनेमा कोणता?" मी म्हटलं, 'माफीचा साक्षीदार', १९८६चा. एकदाच पाहिला. दांडिया बाजारात एका सहकाऱ्याच्या घरी, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. निम्मा सिनेमा झाला तशा बायका एकेक करून स्वयंपाकघरात गेल्या, त्या शेवटपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. ही गोष्ट खरी आहे, पुण्याची आहे. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकणारे जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शहा हे चौघे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ एवढ्या काळात त्यांनी दहा जीव घेतले. पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला मुलगा. त्याच्या हॉटेलवाल्या वडिलांकडून पैसे उकळायचे होते. ३१ ऑक्टोबर १९७६ला विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघं गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या 'स्मृती' बंगल्यात पाच जण. त्या पाचांत घरकाम करणारी एक बाई होती. खटला 'जोशी-अभ्यंकर' नावानं गाजला, त्यात तिला कुठली जागा मिळणार!

त्या डिसेंबरात मी बँकेच्या परीक्षेसाठी पुण्याला गेलो होतो. गाडी लेट झाली, सदाशिव पेठेत आत्याकडे पोचायला रात्रीचे दहा वाजले. कडी वाजवली. आतून आवाज, कोण? नाव सांगितलं. तरी दार उघडेना. मग आतूनच आत्यानं विचारलं, "तुझ्या आईचं माहेरचं आडनाव काय?" ते सांगितल्यावर कडी निघाली. सख्ख्या आत्यानं मला असं कधी विचारलं नव्हतं. मला हसू आलं, तिला नाही.

शेवटी मार्चमध्ये नदीत एका तरुणाचं प्रेत सापडलं, नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं, आणि तिथून पोलिसांना धागा मिळाला. एक सहाध्यायी माफीचा साक्षीदार झाला, सिनेमाचं नाव त्यावरूनच. सप्टेंबर १९७८ला सेशन्स कोर्टानं चौघांना फाशीची शिक्षा दिली, वरच्या कोर्टांनी ती कायम केली आणि २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली.

आता मुद्द्याचं. त्या रात्री सिनेमा संपल्यावर सगळे नानाच्या कामाबद्दल बोलत होते. कोपऱ्यात आमच्या वाड्यातले एक रिटायर्ड संस्कृतचे मास्तर बसले होते, ते एवढंच म्हणाले, "अरे, हे आपले कोशवाले अभ्यंकर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावून एक जाडजूड पुस्तक दाखवलं. काशिनाथ वासुदेव अभ्यंकर यांचा संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी कोश. गायकवाड ओरिएंटल सिरीज, क्रमांक १३४, सन १९६१. प्रकाशक, आपल्या बडोद्याचं ओरिएंटल इन्स्टिट्यूट! मी बी.कॉम.वाला, व्याकरणाशी माझा संबंध शाळेतच सुटला. पण दहा वर्षं मी ज्यांना 'खून खटल्यातले अभ्यंकर' म्हणत होतो, त्यांचं आयुष्यभराचं काम माझ्याच गावातून छापून निघालं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

मास्तर मग बराच वेळ सांगत राहिले. वडील वासुदेवशास्त्री, त्यांनी पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं. त्याला मुलानं प्रस्तावनेचा स्वतंत्र खंड लिहिला. स्वतः काशिनाथशास्त्री अहमदाबादला गुजरात कॉलेजात संस्कृत शिकवत, म्हणजे आपल्यासारखेच गुजरातेत राहिलेले. गेले तेव्हा वय ८८. नैसर्गिक मरण आलं असतं तर वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असत्या आणि त्या चारही ओळी कोशाबद्दल असत्या, असं मास्तर म्हणाले.

मारणाऱ्यांवर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. शहानं तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं. अनुराग कश्यपनं 'पांच' केला, तो सेन्सॉरपाशी अडकला. सिनेमावाल्यांना मी दोष देत नाही. कोश तयार करणाऱ्या म्हाताऱ्यावर सिनेमा कोण काढणार आणि तिकीट काढून बघणार कोण? मीसुद्धा नसतो गेलो.

मास्तर गेल्यावर त्यांच्या मुलानं ते पुस्तक मला आणून दिलं. नातवाला सिनेमा लावून दिला नाही, हे काढून दिलं. त्यानं दोन पानं उलटली आणि पुट्ठा हातात आला. रावपुऱ्यात किंवा आसपास कुणी अजून हातानं बाइंडिंग करून देत असेल तर कृपया कळवा.