‘मिसिंग’चा माग : जुन्या व्हॅनमधील चुकलेल्या ठिणगीचा इतिहास

इंजिन एखादा ठोका चुकवू लागले की मराठी आणि कन्नड मेकॅनिक एकच शब्द वापरतात : ‘मिसिंग’. गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठरलेल्या क्षणी ज्वलन होत नाही. हा दोष मोटारीइतकाच जुना आहे. तो शोधण्याची रीत मात्र शतकभरात कानाकडून संगणकाकडे गेली, आणि बेंगळुरूच्या रस्त्यांवर ही दोन्ही टोके आजही शेजारी-शेजारी उभी आहेत.

या शहराचा ठिणगीशी असलेला संबंध जुना आहे. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कार्यशाळेत गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ मध्ये उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी आणि कॉइलवर चालणारी पद्धत रूढ झाली. भारतात बॉशशी संलग्न ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’, म्हणजेच ‘मायको’, १९५१ मध्ये स्थापन झाली आणि त्याच दशकात बेंगळुरूच्या आडुगोडी भागात तिचा कारखाना उभा राहिला. देशभरच्या गॅरेजांत प्लगच्या डबीवर ‘मायको’ हे नाव कित्येक दशके दिसत राहिले.

१९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली. तीच पुढे ‘ओम्नी’ झाली. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे छोटे इंजिन, पुढच्या आसनांखाली बसवलेले. शाळेची मुले, रुग्ण, भाजीच्या पाट्या हे सारे या गाडीने वाहिले. तीन सिलिंडरांमुळे मिसिंग तिच्यात चटकन जाणवते, आणि त्यामागे साधे गणित आहे. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो. मिनिटाला ९०० फेरे असतील, तर सेकंदाला एकूण साडेबावीस स्फोट होतात. त्यांतला एक सिलिंडर गप्प झाला, की सेकंदाला साडेसात वेळा खंड पडतो. मानवी कान साधारण वीस हर्ट्झच्या खालचे कंपन ऐकत नाही. शरीराला मात्र ते कळते. म्हणून जुने मेकॅनिक आवाज ऐकत असतानाच आसनावर किंवा स्टिअरिंगवर हात ठेवून पाहत.

त्यानंतरचा प्रश्न असे : दोषी सिलिंडर कोणता? चालू इंजिनात एकेका प्लगची वायर तोडून पाहिली जाई. वायर काढताच इंजिन आणखी मंदावले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर गुन्हेगार सापडला. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवायचा. दोष प्लगबरोबर सरकला, तर प्लग बदलायचा. जागेवरच राहिला, तर वायर, डिस्ट्रिब्युटरचे झाकण, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहणे हा प्रयोगशाळेचा नियम. तो येथे कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना पाळला गेला.

या परंपरेत एक फसवी जागाही होती. प्लग बाहेर काढून इंजिनच्या धातूला टेकवला आणि ठिणगी दिसली, म्हणजे प्लग चांगला, असे पुष्कळदा मानले जाई. फ्रीडरिक पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले होते, की वायूतून ठिणगी पाडण्यास लागणारा विद्युतदाब हा वायूचा दाब आणि फटीची लांबी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. सिलिंडरमध्ये मिश्रण मूळ आकारमानाच्या आठव्या-नवव्या हिश्शात दाबले जाते. मोकळ्या हवेत सहज उडणारी ठिणगी तेथे कितीतरी अधिक व्होल्टेज मागते. ते मिळाले नाही, तर वीज तडा गेलेल्या चिनीमातीतून किंवा जीर्ण वायरीतून जवळची वाट धरते. उभ्या गाडीत शांत वाटणारे इंजिन उड्डाणपुलाच्या चढावर अडखळते ते बहुधा यामुळेच : ॲक्सिलरेटर दाबला, की सिलिंडरमध्ये अधिक हवा शिरते आणि दाब वाढतो.

बेंगळुरूची उंचीही यात भर घालते. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच आहे आणि तेथील हवा किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ. कार्ब्युरेटर हवेच्या घनतेतील हा फरक पूर्णपणे भरून काढू शकत नाही. मंगळुरूत जुळवलेली व्हॅन घाट चढून आली, की तिचे मिश्रण चार-पाच टक्क्यांनी गडद होते. एरवी ते खपून जाते. पण तुंबलेला एअर फिल्टर आणि वाहतूक कोंडीतले तासन्‌तास यांची जोड मिळाली, की प्लगवर काजळी धरते. काजळी वीजवाहक असते. ठिणगी उडण्याआधीच वीज तिच्यातून गळून जाते.

तोवर मिसिंगचा भुर्दंड मालकाच्या खिशाला पडत होता. उत्प्रेरक परिवर्तकाने हा हिशेब बदलला. १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशातून हद्दपार झाले. न जळलेले पेट्रोल आणि त्याबरोबरचा प्राणवायू परिवर्तकात पोहोचले, की तेथेच पेटतात. उष्णतेने आतील प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर निकामी होतो आणि त्यानंतर गाडी सुरळीत चालली तरी तिचा विषारी धूर शहराच्या हवेत जातच राहतो. वायर तोडून पाहण्याची जुनी चाचणीही आता स्वतःच नुकसान करणारी ठरली.

म्हणून कायद्याने कान यंत्राला दिला. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना मिसिंग स्वतः ओळखणे बंधनकारक झाले. भारतात एप्रिल २०१३ पासून भारत स्टेज-४ च्या मोटारींना स्वनिदानाचा दुसरा टप्पा लागू झाला. यात क्रँकशाफ्टवरील दातेरी चाकाचा प्रत्येक दात संवेदकासमोरून जाण्यास किती वेळ लागतो, ते मोजले जाते. ज्वलन झाले, की शाफ्टला हलका वेग मिळतो. चुकले, की पुढचे दात किंचित उशिरा येतात. हाताला जाणवणारी थरथरच येथे मायक्रोसेकंदांत मोजली जाते.

तरीही ‘पी ०३०१’ हा संकेत एवढेच सांगतो, की पहिला सिलिंडर चुकतो आहे. का चुकतो, हे तो सांगत नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या नव्या गाडीतही मेकॅनिक मग पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवतो, गाडी फिरवून आणतो आणि संकेत ‘पी ०३०२’ झाला का, ते पाहतो.