कफील, एनओसी आणि आपण

कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत एक काळ असा होता की, "एनओसी आली का?" हा प्रश्न सलामाच्या पाठोपाठ विचारला जाई. महाड, खेड, चिपळूण, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यात ज्याची एनओसी आली त्याच्या लग्नाची बोलणीही वेग घेत. या कागदामागे एक 'कफील' आहे आणि त्याच्याशिवाय अरबस्तानात पाऊल टाकता येत नाही, एवढे सर्वांना ठाऊक होते. हा कागद कुठून आला, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. 'अरबांचा कायदा' म्हणून आपण तो विषय मिटवला. इतिहास काही वेगळे सांगतो.

आधी शब्द पाहू. फिक्हमध्ये कफाला म्हणजे जामीनकी. दुसऱ्याचे देणे वा जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतो, तो कफील. हजरत मरियमच्या संगोपनाची जबाबदारी हजरत झकरियांवर आली, तेथे कुरआनात याच धातूचा शब्द येतो. अनाथाचा सांभाळ करणाऱ्यालाही कफीलच म्हणतात. थोडक्यात, या शब्दात भार आहे तो कफीलावर.

मग तो कामगाराच्या मानेवर कसा आला? त्याचे एक मूळ मोत्यांच्या व्यवसायात आहे. तेल सापडण्यापूर्वी बहरीन, कुवेत, कतरची माणसे मोती काढून जगत. बोटीचा प्रमुख नाखुदा पाणबुड्यांना हंगामाआधी उचल देई. आपल्या कोळीवाड्यांतला 'नाखवा' त्याच शब्दातून आला. ही उचल सहसा फिटत नसे. जुन्या नाखुद्याकडून कर्जाच्या हिशेबाची चिठ्ठी मिळाल्याशिवाय पाणबुड्याला दुसऱ्या बोटीवर काम मिळत नसे. पुढे कफीलाच्या 'रिलीज'वाचून नोकरी बदलता येत नसे, त्याची ही पूर्वछाया.

दुसरे मूळ इंग्रजी अमलात आहे. आखातातील ब्रिटिश रेसिडेंट १९४७ पर्यंत भारत सरकारच्या अखत्यारीत होता आणि तिथल्या परदेशी लोकांवर ब्रिटिशांचा अधिकार चाले. १९३२ मध्ये बहरीनला तेल लागले, १९३६ मध्ये तेथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि मुंबईहून कारकून, फिटर, ड्रायव्हर जाऊ लागले. कोण येतो, कुणाच्या जबाबदारीवर येतो आणि काम संपल्यावर त्याला परत कोण पाठवतो, हे प्रशासनाला ठरवायचे होते. बाहेरच्या माणसावर नजर ठेवण्याचे काम त्याला बोलावणाऱ्यावर सोपवले, की सरकारचा खर्च वाचतो. 'नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेट' हे शब्द १९३० च्या दशकातल्या ब्रिटिश पोलिटिकल एजंटच्या दप्तरांत आढळतात. म्हणजे आपल्या आयाबायांच्या तोंडी रुळलेला 'एनओसी' हा शब्द शेखांनी नव्हे, साहेबाने दिलेला आहे.

आपल्या बाजूच्या कागदाचीही तीच कथा. परदेशी जाणाऱ्याला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'. हे पद एकोणिसाव्या शतकात मॉरिशस, त्रिनिदादकडे जाणाऱ्या गिरमिटियांसाठी निर्माण झाले. गिरमिट १९१७ मध्ये थांबले, पद राहिले. १९२२ चा कायदा जाऊन १९८३ चा आला, तरी पदाचे नाव बदलले नाही.

ज्या बोटींनी ही माणसे गेली, त्यांची नावे जुन्या लोकांना अजून आठवतात : दुम्रा, दारा, द्वारका. ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ 'दारा'वर स्फोट झाला आणि २३८ माणसे गेली. त्या वेळी दुबईच्या बाजारात आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये काढलेला 'गल्फ रुपया' चालत होता. १९६६ च्या अवमूल्यनानंतर तोही गेला.

याच सुमारास आखाती राज्ये स्वतंत्र होत होती. सौदीने १९५२ मध्ये, कुवेतने १९५९ मध्ये परदेशी लोकांच्या वास्तव्याचे कायदे केले. अमिरातींनी १९७१ मध्ये इंग्रजांकडून कारभार घेतला. १९७३ नंतर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि लाखो हातांची गरज पडली. हात हवे होते, नागरिक नको होते. कफाला या गरजेला नेमका पुरा पडला. कफील व्हिसा मिळवी, त्याच्याच नावावर इकामा निघे, नोकरी सोडायची तर त्याची संमती लागे. पासपोर्ट बहुधा त्याच्याच कपाटात असे. काहींनी तर व्हिसे विकायला काढले. अशा विकतच्या व्हिशाला आपल्याकडे 'आझाद व्हिसा' म्हणतात. दागिने मोडून आणि कर्ज काढून घेतलेला कागद, आणि त्याला नाव आझाद!

अलीकडे बदल झाले आहेत. बहरीनने २००९ मध्ये, कतरने २०२० मध्ये मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची वाट मोकळी केली. सौदीने २०२१ मध्ये अटींसह तशी मुभा दिली, पण तीतून घरकामगार वगळले. घरात एकटी राबणारी बाई, जिला कफीलाच्या उंबरठ्याबाहेर कुणी ओळखत नाही, ती मागेच राहिली.

या पैशाने आपल्या गावांत पक्की घरे झाली, मशिदी आणि शाळा उभ्या राहिल्या, मुली कॉलेजात गेल्या. हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण त्यासाठी बापांची आणि भावांची किती वर्षे दुसऱ्याच्या सहीवर टांगलेली होती, हे आपल्या साहित्यात अजून पुरेसे आलेले नाही. आखात म्हटले की आपण अत्तर, टेपरेकॉर्डर आणि सोने आठवतो. पेटीच्या तळाशी पडलेले जुने करारनामे, मुदत संपलेले इकामे, बोटीच्या तिकिटांचे तुकडे वाळवीच्या तोंडी जात आहेत. ते बाहेर काढावेत, वडीलधाऱ्यांना बोलते करावे. आणि एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावी : जामीन राहणे हा दीनचा शब्द आहे, माणसाचा पासपोर्ट कुलपात ठेवणे हा नाही.