सेंट डेनिसचे बारा स्तंभ : चर्च-वास्तूतील प्रतीकार्थाचा एक प्रश्न

ख्रिस्ती चर्चच्या वास्तुरचनेतील प्रतीकांचा विचार करू लागले म्हणजे अभ्यासक बहुधा दुरांदुस याच्या ग्रंथाचा आधार घेतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील मांद येथील या बिशपाने चर्चच्या प्रत्येक अंगाचा अर्थ लावून दाखविला आहे. खिडक्यांच्या काचा म्हणजे पवित्र शास्त्र. त्या वारापाऊस बाहेर ठेवतात व प्रकाश आत घेतात. मनोऱ्यावरील कोंबडा म्हणजे धर्मोपदेशक. दगड सांधणाऱ्या चुना, वाळू आणि पाणी यांच्या मिश्रणालाही त्याने अर्थावाचून सोडलेले नाही. चुना हे त्याच्या मते प्रेमाचे प्रतीक होय. परंतु चुन्यावाचून भिंत उभी राहत नाही, हे गवंड्याला दुरांदुसच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. तेव्हा असा अर्थ वास्तूत मुळातच होता, की उभ्या असलेल्या वास्तूला तो मागाहून लावला गेला, हा प्रश्न टाळता येत नाही.

या प्रश्नाची कसोटी पाहावयास पॅरिसनजीकच्या सेंट डेनिस मठाचे चर्च सर्वांत उपयुक्त आहे. कारण तेथे वास्तू करविणाऱ्याचेच लेखन उपलब्ध आहे. मठाधिपती सूजे (कारकीर्द ११२२–११५१) याने चर्चच्या पश्चिम भागाचे प्रतिष्ठापन ९ जून ११४० रोजी करविले, त्याच वर्षी १४ जुलैस पूर्वेकडील वेदीभागाचा पाया घातला, आणि ११ जून ११४४ रोजी त्याचेही प्रतिष्ठापन केले. या भागातील मधले बारा स्तंभ बारा प्रेषितांचे आणि प्रदक्षिणामार्गातील तितकेच स्तंभ संदेष्ट्यांचे द्योतक आहेत, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. इतका स्पष्ट पुरावा मध्ययुगीन वास्तूच्या बाबतीत क्वचितच मिळतो.

तथापि हेच लेखन नीट वाचले असता वेगळ्या गोष्टीही दृष्टीस पडतात. जुने चर्च अपुरे पडत होते आणि उत्सवाच्या दिवशी अवशेषांच्या दर्शनासाठी गर्दी इतकी होई की स्त्रियांना पुरुषांच्या डोक्यांवरून वाट काढावी लागे, हे कारण सूजे मोठ्या तपशिलाने सांगतो. (वर्णनात अतिशयोक्ती असेल, खर्चाचे समर्थन त्याला करावयाचे होते.) नव्या भागाची मध्यरेषा जुन्या दालनाशी जुळावी म्हणून भूमितीची व अंकगणिताची साधने वापरली, असेही तो नमूद करतो. खाली नवव्या शतकातील तळघर होते. त्यास वेढून व त्याच्यावरच नवे काम उभे करावयाचे होते. म्हणजे आराखड्याचा बराचसा भाग प्रतीकाने नव्हे, तर जागेने ठरविला होता. जुन्या भिंतींना मात्र त्याने शक्य तोवर हात लावला नाही. ते चर्च प्रत्यक्ष ख्रिस्ताने पावन केले अशी दंतकथा असल्याने तेथील दगड त्यास अवशेषांसारखेच पूज्य वाटत. माझ्या मते ही गोष्ट बारा स्तंभांहून अधिक महत्त्वाची आहे. येथे अर्थ मागाहून लावलेला नसून, काय पाडावयाचे व काय राखावयाचे हे त्या अर्थानेच ठरविले आहे.

प्रकाशाच्या प्रतीकाविषयी विद्वानांत मोठा मतभेद आहे. दिओनिसिऑसच्या नावावर चालणारे ग्रीक ग्रंथ बायझंटाइन सम्राटाने ८२७ मध्ये धाडले, ते या मठात आले. त्यांचा कर्ता, प्रेषित पौलाचा अथेन्समधील शिष्य आणि मठाचा अधिदैवत संत या तीन भिन्न व्यक्ती एकच मानल्या गेल्या. या समजाबद्दल शंका घेतल्यामुळे आबेलारला मठाचा रोष ओढवून घ्यावा लागला होता. पानोफ्स्की यांनी १९४६ मध्ये सूजेचे लेखन भाषांतरासह प्रसिद्ध करून, त्याच्या वास्तुदृष्टीचे मूळ या ग्रंथांतील प्रकाशतत्त्वात आहे असे प्रतिपादिले. पुढे १९८७ मध्ये पीटर किडसन यांनी त्यास जोरदार हरकत घेतली : सूजे हा कर्तबगार प्रशासक होता, तत्त्वज्ञ नव्हे. किडसन यांचा आक्षेप मला बव्हंशी पटतो; पण खिडक्यांतून अखंड प्रकाश यावा याचा सूजेला वाटणारा आनंद केवळ प्रशासकाचा नाही, हेही मान्य केले पाहिजे. तत्त्वज्ञान न वाचताही माणसाला प्रकाशात अर्थ दिसू शकतो, आणि ज्या मठात ते ग्रंथ पूज्य होते तेथे तो दिसणे अधिकच स्वाभाविक. आपल्याकडे मंदिराचा अर्थ शिल्पग्रंथांतून शोधतानाही कारागीर आणि ग्रंथकार यांत हीच गल्लत होते. परंतु तो स्वतंत्र विषय आहे.

सूजेच्या वेदीभागाचा वरचा भाग १२३१ पासून नव्याने बांधण्यात आला. वाढलेला भार पेलण्यासाठी मधल्या ओळीतील सडपातळ स्तंभ काढून त्यांच्या जागी जाड आधार बसविण्यात आले. प्रदक्षिणामार्गातील संदेष्ट्यांचे स्तंभ मात्र आजही जागेवर उभे आहेत.